रक्तवाढीचा द्राक्षरस

नाशिकहून लातूरला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा आम्ही नवरा-बायको एक सवय बरोबर घेऊन आलो. संध्याकाळच्या जेवणाबरोबर पाऊण पेला वाईन. त्याहून जास्त नाही, पण रोज.

सवय लावली ती नाशिकच्या आमच्या घरमालकीणबाईंनी. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही निवृत्त शिक्षक होते. बाल्कनीत बसून वरण-भाताबरोबर लाल वाईन घ्यायचे आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसायचं नाही. मी लिंगायत घरातली. माहेर निलंग्याचं, सासर उदगीरचं, दोन्हीकडे किराणा आणि भुसाराची दुकानं. लहानपणी गळ्यात लिंग घातलं तेव्हापासून दारू हा शब्दसुद्धा घरात हळू आवाजात बोलायचा, एवढंच ठाऊक होतं. पहिल्यांदा त्या बाईंनी पेला पुढे केला तेव्हा मी ओठ लावून परत ठेवला. दुसऱ्यांदा प्याले. तिसऱ्यांदा मी स्वतःहून विचारलं, ही कुठली?

"महागडीच्या नादी लागू नका," त्या म्हणाल्या होत्या. "ती पाहुण्यांसाठी. रोजची वेगळी असते. रोजची ती पोळीभाजीसारखी असावी. खाल्ल्यावर लक्षातही राहू नये, पण नसली की चुकल्यासारखं वाटावं."

ही रोजची वाईन लातुरात शोधायची म्हणजे काय, ते आल्यावर कळलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे, नवरा नांदेडला भूमापनाच्या कचेरीत. तो शनिवारी दुपारी एसटीने यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचा. मुलगी पुण्याला होस्टेलवर. लातुरातल्या वाईन शॉपमध्ये वाईन सोडून बाकी सगळं मिळायचं. मला बाईमाणसाला तिथे उभं राहणं शक्यच नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या घरांतली मुलं माझ्या वर्गात होती. नवऱ्याने एकदा जाऊन चौकशी केली. दुकानदाराने शोकेसमधून एक बाटली काढून दिली, ती इतके दिवस उन्हात उभी होती की तिच्या लेबलावरची द्राक्षं पांढरी पडली होती. घरी येऊन उघडली तर नुसतं व्हिनेगर. मी वासावरूनच सांगितलं. मग ती मी बेसिन घासायला वापरली आणि नवरा म्हणाला, एवढं महागडं बेसिन अख्ख्या लातुरात नसेल.

नांदेडला मात्र त्याला एक दुकान सापडलं. मालक म्हातारे होते, स्वतः थेंबही घ्यायचे नाहीत, पण मालाची पारख पक्की. त्यांनीच नवऱ्याला शिकवलं. लेबलावर महिना बघा, पांढरी असेल तर या वर्षीचीच घ्या. उभ्या ठेवलेल्या बाटलीला हात लावू नका, बूच सुकून आत हवा शिरते. सोनेरी अक्षरं असतील तर निम्मे पैसे अक्षरांचे. ते आपल्या बाटल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी आडव्या ठेवायचे. तिथून दर शनिवारी एक बाटली आमच्याकडे यायला लागली. आम्ही एका वहीत लिहून ठेवायचो. 'गोड, जिभेवर चिकटते. वांग्याच्या भाजीबरोबर अजिबात नाही.' 'बरी, पण दुसऱ्या दिवशी मेली.' 'पांढरी, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर छान, नुसती नको.' सात-आठ महिने असं चाललं आणि मग एक लाल सापडली. साधं मातकट लेबल, फिरकीचं झाकण, नाशिकच्या पलीकडल्या कुठल्यातरी छोट्या कारखान्याची. त्या वर्षी तूरडाळ इतकी महागली होती की दोन किलो डाळीच्या भावात ही बाटली यायची. जांभळासारखी थोडी तुरट, थंड केली की भाकरी आणि झणझणीत पिठल्याबरोबरही टिकायची. चौथ्या दिवशीसुद्धा चव जात नव्हती. वहीत मी फक्त 'हीच' असं लिहिलं आणि पुढे वही बंदच झाली.

त्याच हिवाळ्यात आत्या आमच्याकडे राहायला आल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. उदगीरच्या घरातलं बोअर आटलं होतं, सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि दीराच्या घरात त्यांच्याच पाच माणसांना पाणी पुरत नव्हतं. पाण्यासाठी माणसं गावातून शहरात येत होती, त्यात आत्याही आल्या. लातुरात तरी पाणी कुठे होतं म्हणा. नळ आधी आठ दिवसांनी यायचा, मग पंधरा दिवसांनी, मग बंदच झाला. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा.

आत्या अडुसष्ट वर्षांच्या. बारीक, काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. रोज सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायच्या. अंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायच्या, पण पूजेचं पाणी वेगळं, झाकलेलं, त्याला कुणी हात लावायचा नाही. दर शनिवारी मुलगा आला की पहिला प्रश्न ठरलेला. "झाला का आमचा जिल्हा?" उदगीर नवा जिल्हा होणार अशी तेव्हा आवई होती. मुलगा जमिनी मोजणाऱ्या खात्यात म्हणजे जिल्हेही तोच आखत असणार, असा त्यांचा समज होता. जिल्हा झाला की साहेब येतील, साहेब आले की पाणी येईल, असा त्यांचा सरळ हिशेब.

त्या आल्यावर वाईन फ्रिजमधून निघाली. मी ती माझ्या अभ्यासाच्या खोलीत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या ट्रंकेत ठेवायला लागले. थंड राहावी म्हणून बाटलीला सुती पंचा गुंडाळायचा आणि तो दिवसातून एकदा ओला करायचा. त्याला अर्धा तांब्या पाणी लागायचं. बाहेर गल्लीत बायका भांडी राखेने घासून कोरड्या फडक्याने पुसत होत्या आणि मी दार लावून बाटलीला पाणी पाजत होते. तेव्हाही ते खटकायचं. पण खटकतं म्हणून मी थांबले नाही. भाजी धुतलेलं पाणी वापरते आहे, ते एवीतेवी वायाच गेलं असतं, असं स्वतःला सांगायचे. ते वाया जात नव्हतं. आत्या ते तुळशीला घालायच्या.

संध्याकाळी आत्या महादेवाच्या देवळात जायच्या. तेवढ्या तासात मी लवकर जेवून घ्यायचे, आणि वाईन स्टीलच्या पेल्यात ओतायचे, म्हणजे कुणी आलंच तर रंग दिसू नये. एक दिवस देवळात पाणी नाही म्हणून अभिषेक बंद होता आणि आत्या लवकर परत आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या थेट माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि पेल्यात डोकावल्या.

"काय पितीस गं?"

"द्राक्षाचा रस आहे, आत्या."

"आंबूस वास मारतोय."

"औषधी असतो. डॉक्टरांनी सांगितलाय. रक्त कमी आहे माझं."

कुठून आलं ते तोंडात, मला अजून कळत नाही. मी खोटं बोलण्यात फारशी हुशार नाही, पण ते एकदम सुचलं, सरळ, न अडखळता. आत्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून बघितली.

"हाव की," त्या म्हणाल्या. "पांढरंफट हाय. मला सांगायचं न्हाई का?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी तब्येत हातात घेतली. सकाळी माझ्या ताटात बीट, शेंगदाणे आणि गूळ. स्वतःसाठी आणलेला खजूर त्या माझ्या डब्यात घालायला लागल्या. सोमवार त्या करतच होत्या, त्यात माझ्या नावाचा गुरुवार धरला. आणि टँकर आला की माझ्या हातातली घागर काढून घ्यायच्या.

"तू नको. चक्कर येईल तुला. रक्त न्हाई अंगात."

पहिल्या दिवशी मी घागर सोडली नाही. अक्षरशः ओढाताण झाली आमची दारात. दुसऱ्या दिवशी मी, "आत्या, असू द्या हो," एवढं म्हणाले. चौथ्या दिवशी बारावीचे पेपर तपासायला आले होते. टँकरचा भोंगा ऐकू आला, मी खुर्चीतून अर्धवट उठले, आणि आत्या दोन घागरी घेऊन उंबऱ्याबाहेर पडलेल्या बघून परत खाली बसले. त्यानंतर मी उठणंही सोडून दिलं. हे लिहिताना सगळ्यात जास्त जड जातं ते हेच. खोटं बोलले ते एका क्षणात, घाबरून. पण खुर्चीत मी रोज बसत होते.

आत्यांनी गल्लीतही सांगून ठेवलं होतं, सुनेला रक्त नाही म्हणून. समोरच्या घरातली बाई आमची घागर रांगेत पुढे घ्यायची. तिला स्वतःला दोन लहान लेकरं होती. एकदा ती रस्त्यात भेटली तर म्हणाली, "मॅडम, जपा. माझ्या जावेला पण असंच झालं होतं. लई दिवस लागतात भरून यायला." मी मान हलवली. मान हलवायची सवय झाली होती.

नवऱ्याला मी पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं. तो हसला होता. मग म्हणाला, "आता सांगून टाकू या का आईला?" मी म्हटलं, इतक्यात नको. पुढे त्यानेही विषय काढला नाही. नांदेडला गोदावरीमुळे थोडंफार पाणी होतं. तो येताना वीस लिटरचा एक कॅन भरून आणायचा आणि दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत कपड्यांत गुंडाळलेली बाटली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली की शेजारचा प्रवासी कॅनकडे बघून म्हणायचा, घरच्यासाठी का, भारी केलं. नवरा हे मला गमतीने सांगायचा.

मार्चमधल्या एका शनिवारी तो कॅनशिवाय आला. दोन्ही हातांत दोन जड पिशव्या होत्या. आत्या देवळात गेल्यावर त्याने त्या उघडल्या. सहा बाटल्या. मातकट लेबल, तीच.

"कारखाना बंद पडला," तो म्हणाला. "तिकडेही पाणी नाही. दुकानाचे मालक म्हणाले, शेवटच्या सहा आहेत, पुन्हा येणार नाहीत. आज नेल्या नाहीत तर उद्या दुसरं कुणी नेईल. मग कॅन कसा धरणार? एक आठवडा काढू टँकरवर."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बरं केलंत." मनापासून म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून त्या ट्रंकेत रचल्या, पेपरच्या गठ्ठ्यांमध्ये, लेबलं वर करून. एवढ्या स्वस्तात इतकी चांगली पुन्हा मिळणार नाही, याचा आनंद होता. त्या आनंदात पाण्याचा विचार एकदाही शिवला नाही.

आत्यांनी आल्यावर कॅन शोधला. मुलगा म्हणाला, गाडीला गर्दी होती, चढवू दिला नाही. हे दुसरं खोटं, त्याच्या वाट्याचं.

रविवारी टँकर आला नाही. सोमवारीही आला नाही. पिण्याचं पाणी एक घागरभर उरलं होतं. सोमवारी दुपारी मी कॉलेजात असताना आत्यांना कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या वस्तीत, रेल्वेलाइनच्या बाजूला, टँकर लागला आहे. त्या दोन घागरी घेऊन एकट्या निघाल्या. त्या दिवशी सोमवार, म्हणजे पोटात काही नाही. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेऊन परत येताना चढावर पाय सरकला. डोक्यावरची घागर पडू नये म्हणून त्यांनी ती धरली आणि डावा हात खाली टेकला. मनगट मोडलं. समोरच्या बाईनेच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि आत्या बाकावर बसून होत्या. मला बघून म्हणाल्या, "एक घागर वाचली. रिक्षात हाय. बघ, न्हाईतर तो घेऊन जाईल."

घरी आणून मी त्यांना निजवलं. संध्याकाळी मी पेला काढला नाही. पण तेवढ्याने काय होणार होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसून घेतलं होतं. पूजेचं सगळं मांडलेलं. विभूती, बेलाची तीन पानं, झाकलेली वाटी. लिंग उजव्या हातात होतं. डाव्या तळहातावर ते ठेवायचं, पण प्लॅस्टरच्या वजनाने हात वर धरवत नव्हता.

"ये इकडं," त्या म्हणाल्या. "तुझा हात खालून दे. आधाराला. माझ्यानं धरवंना."

मी जवळ बसले. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आत्या, माझा हात नको."

"का? अडचण हाय का? ते मी मानत न्हाई."

"तसं नाही. तो रस नव्हता. वाईन होती. दारूच ती, द्राक्षाची. रोज घेते मी. रक्तबिक्त काही कमी नाही माझं."

आत्यांनी लिंग वस्त्रात गुंडाळून मांडीवर ठेवलं.

"तो बी घेतो?"

"हो."

"ह्या घरात?"

"हो. नाशिकपासून."

त्यांनी विभूतीची वडी उचलून पुन्हा जागेवर नीट ठेवली. मला वाटलं आता उठतील, पिशवी भरतील, उदगीरची गाडी बघायला सांगतील. मी तयारही होते त्याला. दारू, देव, घराणं, सासऱ्यांचं नाव, यावर जे काही ऐकावं लागेल ते ऐकायचं, असं ठरवून बसले होते.

"रक्त चांगलं हाय म्हन तुझं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग घागरी मला का वाहू दिल्यास?"

उत्तरं तीन होती. पेपर होते, तुम्ही ऐकत नव्हता, मला सांगायचं धाडस नव्हतं. सगळी खरी होती आणि एकही सांगण्यासारखं नव्हतं. मी रडले. आत्यांनी रडू दिलं, थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "हात धुऊन ये. थोडंच पाणी घे. पूजा राहिलीय."

मी हात धुऊन आले. त्यांचा प्लॅस्टरमधला हात माझ्या दोन्ही तळव्यांवर घेतला, त्यांनी वस्त्र सोडून लिंग हातावर ठेवलं आणि डोळे मिटले. पूजेला नेहमी पंधरा मिनिटं लागायची, त्या दिवशीही तेवढीच लागली. माझे खांदे भरून आले होते. त्या मला क्षमा करत होत्या असं मला वाटलं नाही. त्यांना हाताची गरज होती आणि घरात दुसरा हात नव्हता.

पुढचे कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. गल्लीत मात्र त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त समोरच्या बाईला बोलावून म्हणाल्या, "सुनेला बरं हाय आता. तिची घागर पुढं नको घेऊ. ती उभी राहील रांगेत." त्यानंतर मी उभी राहत होते, सकाळी कॉलेजच्या आधी, उन्हात, दोन-दोन तास. माझं रक्त कसं भरून आलं, काय काय खाल्लं, असं त्या बाईने विचारलं तेव्हा मी बीट आणि खजूर सांगितलं. तेही खोटंच.

नवऱ्याला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. शनिवारी तो दोन कॅन घेऊन आला. आत्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, चूक माझी पण आहे. त्या शनिवारी मी पाणी टाकून बाटल्या आणल्या."

आत्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "जिल्हा झाला का ते सांग," म्हणाल्या.

"नाही अजून."

"मंग दुसरं काय सांगू नको."

एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आलं. लोक पाण्याच्या वाघिणी बघायला स्टेशनवर गेले, आत्या नाही गेल्या. त्या वर्षी पाऊस झाला, उदगीरच्या बोअरला पाणी आलं, तशा त्या परत गेल्या. जाताना माझ्या हातावर खजुराची पुडी ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

ट्रंकेतल्या सहापैकी पाच बाटल्या तशाच होत्या. ओतून टाकायला हात धजला नाही, प्यायलाही नाही. नवऱ्याने त्या परत नांदेडला नेल्या. म्हाताऱ्या मालकांनी त्या परत घेतल्या नाहीत. हा माल उन्हाळ्यात ट्रंकेत राहिलेला, आता कुणाला विकू, म्हणाले. तिथेच त्यांच्या मागच्या खोलीत त्या राहिल्या, पुढे त्यांचं काय झालं माहीत नाही.

आम्ही पुन्हा घ्यायला लागलो, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. वर्षा-दीड वर्षाने. आता लातुरात चांगली दुकानं झाली आहेत, वाईनसाठी वेगळं कपाट असतं. कॉलेजातल्या तरुण शिक्षिका दार लावून मला विचारतात, मॅडम, रोजच्यासाठी स्वस्तातली कुठली बरी? मी सांगते. महिना बघा, आडवी ठेवलेली घ्या, सोनेरी अक्षरांवर जाऊ नका. मला ते सगळं नीट येतं. सांगताना मात्र मी विषय लवकर संपवते.

गेल्या दिवाळीत उदगीरला गेलो होतो. उदगीर अजून जिल्हा झालेला नाही आणि आत्या आता त्याबद्दल विचारत नाहीत. मनगट वाकडं जुळलं आहे. स्वयंपाकघरात त्या भाकरी थापत होत्या. डावा हात पिठाच्या कडेला नुसता टेकलेला, थापटी सगळी उजव्याची. मी म्हटलं, "आत्या, द्या, मी करते."

"बस तू," त्या म्हणाल्या. "येतंय मला."

भाकरी एका बाजूने जाड झाली होती, कडेला चिरलेली. त्यांनी ती तव्यावरून काढून माझ्या ताटात टाकली, वर तुपाची धार सोडली, आणि माझ्याकडे पाठ करून दुसरी थापायला घेतली. मी खाली मान घालून जेवले.